आयती भाकरी

घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही विचारून बघा, ताप आलेला असताना किंवा नुसतंच उदास वाटत असताना काय खावंसं वाटतं? उत्तरात श्रीखंड येत नाही. पुरणपोळीही क्वचितच येते. सिंधुदुर्गातली माझी मैत्रीण उकड्या तांदळाची पेज सांगते, सोबत खारवलेली कैरी नाहीतर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. जळगावचा मित्र कळण्याची भाकरी म्हणतो. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली ती जाडसर, करडी भाकरी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा. नगरकडचा एकजण हुलग्याच्या शेंगोळ्यांवर जीव टाकतो. यवतमाळची रूममेट आंबाडीच्या भाजीचं नाव काढलं तरी गप्प होऊन जायची.

अशा याद्या मी बऱ्याच ऐकल्या आहेत. आयटीत काम करणाऱ्या माणसांचा अर्धा लंच ब्रेक यातच जातो. ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली. या यादीतलं जवळजवळ काहीच हौसेपोटी जन्माला आलेलं नाही. थोडक्या तांदळात घरातल्या सगळ्यांचं भागावं आणि उन्हात राबायला जाण्याआधी पोटात पाणी-मीठ जावं, यासाठी पेज. पावसाळ्यात होड्या समुद्रात जात नाहीत म्हणून सुका बांगडा. कमी पावसात, हलक्या रानातसुद्धा तग धरतो म्हणून हुलगा. घरात भाजी नाही म्हणून पिठलं. सणाच्या जेवणाचं आपण कौतुक करतो, फोटो काढतो. पण जीव अडकलेला असतो तो या रोजच्या, नाइलाजाच्या जेवणात.

माझं उत्तरही त्याच जातीचं आहे: ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि तेल. भाकरी ताजी असेल तर उत्तम. नसेल तर कडक भाकरी, म्हणजे पातळ थापून, मंद आचेवर सगळं पाणी उडेपर्यंत ठेवलेली, पापडासारखी मोडणारी. ती कित्येक दिवस टिकते. हॉस्टेलच्या चार वर्षांत माझ्या कपाटात पुस्तकांच्या मागे तिचा डबा कायम असायचा. सोलापूरहून येणाऱ्या गाडीतून आई तो पाठवायची.

आमचं मूळ गाव मंगळवेढा तालुक्यातलं. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात आणि इथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. इथलं रान काळं, खोल. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचं आणि नंतर पीक जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर वाढतं. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. 'मालदांडी' हे नाव आमच्याकडे बासमतीसारखं घेतलं जातं. गावातली म्हातारी माणसं दाणा दाताखाली धरून सांगतात, ही मालदांडी आणि ही हायब्रीड. हायब्रीडची भाकरी त्यांच्या मते भाकरीच नव्हे.

याच गावाची दुसरी ओळख दामाजीपंतांची. पंधराव्या शतकात बहामनी राजवटीतले ते इथले अधिकारी. मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं उपाशी लोकांसाठी उघडली, आणि त्या धान्याची किंमत विठ्ठलानं विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन चुकती केली, अशी कथा आहे. लहानपणी मी ती चमत्काराची गोष्ट म्हणून ऐकली. आता वाटतं, ज्या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतात, त्या गावाची सगळ्यात मोठी गोष्ट भुकेची आहे. दोन्ही एकाच मातीतलं आहे. एक साल पाऊस चुकला की कोठार रिकामं.

ही दुसरी बाजू मला पुस्तकातून नाही, आज्जीकडून कळली.

आज्जीला भाकरी आवडत नाही. हे वाक्य आमच्या घरात कुणी मोठ्यानं म्हणत नाही, कारण ते ऐकायला विचित्र वाटतं. जिच्या हातची भाकरी अख्ख्या भावकीत नावाजली गेली, जिच्या भाकरीचा पापुद्रा कागदासारखा सुटून यायचा, तिला स्वतःला भाकरी आवडत नाही. तिला आवडतो भात. पांढरा, मऊ, वरून वरण आणि तुपाची धार. आजारी पडली की ती भात मागते. कुणाशी भांडण झालं की भात मागते. आमच्या भाषेत सांगायचं तर भात हे तिचं कम्फर्ट फूड आहे.

तिच्या तरुणपणी भात रोज मिळण्याची गोष्टच नव्हती. आमच्याकडे भात शिजायचा तो पाहुणा आला तर, सण असला तर किंवा घरात कुणी आजारी पडलं तर. गव्हाची पोळीही तशीच. त्यामुळे भात खायला मिळणं याचा एक अर्थ होता, आज तुमची कुणीतरी दखल घेतली आहे. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. त्या सव्वा महिन्यात तिच्या आईनं तिला रोज दोन घास का होईना, भात खाऊ घातला. "बसल्या जागी ताट यायचं," आज्जी सांगते. चव कशी होती, तांदूळ कुठला होता, हे ती कधीच सांगत नाही. ताट बसल्या जागी आलं, एवढंच सांगते.

ते बाळंतपण १९७२च्या आधीचं. नंतर बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापूर, मराठवाडा, नगर, सांगली-साताऱ्याचा पूर्वभाग, सगळा पट्टा होरपळला. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. १९७३च्या मे महिन्यात या कामांवर जवळपास ५० लाख लोक होते. आज्जी त्यांतली एक होती. वय वीसच्या आत-बाहेर, पोर कडेला झोळीत, हातात हातोडी. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर मिळायचा मिलो.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आमच्याकडच्या सत्तरीपुढच्या कुठल्याही माणसासमोर हा शब्द उच्चारून बघा, चेहरा बदलतो. आज्जीच्या सांगण्यानुसार त्याची भाकरी लालसर व्हायची, थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. "पर तीच खाऊन जगलो," असंही ती लगेच जोडते. मिलोला ती शिव्या देत नाही. पण माझ्यासाठी 'भाकरी' या शब्दात जे सगळं येतं, म्हणजे गाव, सुट्टी, चुलीचा वास, ते तिच्यासाठी येत नाही. तिच्यासाठी त्या शब्दात खडी येते.

चार वर्षांपूर्वी तिला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी नीट, समजावून सांगितलं: साखर बंद, भात अगदी कमी, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि भाज्या जास्त. आम्ही सगळे खूश झालो. आपल्या घरचंच तर खायचंय! आज्जी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. मग चप्पल काढताना म्हणाली, "म्हंजी गरीब हुतो तवा बी भाकरी, अन् आता साखर झाली तरी बी भाकरी."

त्या वाक्यावर सगळे हसले. मीही हसले. पण तिनं खरोखरच भाकरीशी असहकार पुकारला. ताटात भाकरी वाढली की ती चतकोर मोडायची, आमटीत बुडवून ठेवायची आणि तशीच सोडून उठायची. रात्री स्वयंपाकघरात जाऊन कुकरमधला उरलेला गार भात खायची. रिपोर्टमधले आकडे चढत राहिले. आई तिच्यावर चिडायची, बाबा आईवर चिडायचे, मी पुण्यातून फोनवर लेक्चर द्यायचे. ज्वारीत तंतू किती, ती पचायला वेळ कसा लागतो, सगळं सांगून झालं. "तू खा," आज्जी म्हणायची. "तुला चांगली हाय."

याच सुमारास भाकरीला बाहेर चांगले दिवस येत होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या भाषणात ज्वारी-बाजरी-नाचणीला 'श्रीअन्न' असं नाव मिळालं. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दर बुधवारी मिलेट काउंटर लागायला लागलं. मला त्याचा आनंदच झाला. ज्वारीला भाव मिळाला तर गावाकडचं रान पडीक राहणार नाही, उसाच्या मागे लागून जमिनीतलं पाणी संपणार नाही.

पण कागदावरचा एक दर मला विसरता येत नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनच्या धान्याचे किलोचे दर ठरले होते: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. आता २०२३पासून हे धान्य मोफतच मिळतं, तो भाग वेगळा. पण ३-२-१ ही उतरंड कुणा अधिकाऱ्यानं एका दुपारी बसून ठरवलेली नव्हती. ती आज्जीच्या डोक्यात आधीपासून होती. पाहुण्याला भात, सणाला पोळी, आपल्याला भाकरी. नाव बदलून श्रीअन्न केलं म्हणून ती पुसली जाईल, असं तिला वाटत नाही.

मागच्या हिवाळ्यात आज्जीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. मी आणि धाकटा भाऊ इथे एका फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही दोघं तिला आणायला गेलो. परत येताना सोलापूर-पुणे हायवेवर जेवायला थांबलो. हल्ली सगळीकडे असतं तसं 'गावरान' हॉटेल होतं. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर कंदील, आणि आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला मातीनं सारवलेल्या ओट्यावर पेटलेली चूल. चुलीमागे नऊवारी नेसलेली, चाळिशीतली एक बाई भाकरी थापत बसली होती. येणारे-जाणारे तिचा व्हिडिओ काढत होते.

आम्ही पिठलं-भाकरीची थाळी सांगितली. आज्जीनं वरण-भात सांगितला. वेटर म्हणाला, "आज्जी, इथली भाकरी फेमस आहे." आज्जी म्हणाली, "असंल की."

जेवण येईपर्यंत ती उठली आणि सरळ चुलीपाशी गेली. मला वाटलं, भाकरी कशी जमलीय ते बघायला गेली असेल. मी मागोमाग गेले. तिनं त्या बाईला विचारलं, "किती झाल्या गं सकाळपास्नं?"

"दीडशे झाल्या असतील, मावशी."

"मनगाट दुखतं?"

ती बाई थांबली. इतका वेळ कॅमेऱ्यासाठी ठेवलेलं हसू उतरलं. "रातीचं लई दुखतं," ती म्हणाली.

"मीठ घालून गरम पाण्यात धरायचा हात. अन् डाव्या हातानं बी थापायला शिक. एकाच हातावर भार टाकू नगं." एवढं बोलून आज्जी परत येऊन बसली आणि वरण-भात मन लावून जेवली. त्या दिवशी आम्ही तिला अडवलं नाही.

गाडीत बसल्यावर मी मोबाइलवर हिशोब केला. आमचं घर एकत्र होतं, नऊ-दहा माणसांचं. रोजच्या २५ भाकरी तर कमीत कमी होत्या. वर्षाचे ३६५ दिवस. लग्नानंतर, गुडघे जाईपर्यंतची ४५ वर्षं. ४ लाख १० हजार ६२५. मी आकडा वाचून दाखवला.

आज्जी थोडा वेळ खिडकीतून बघत राहिली. मग म्हणाली, "त्यातनं महिन्याचं चार दिस वजा कर. बाजूला बसायचो तवाचं."

मी वजा केले. तीस वर्षं धरली तर साधारण ३६ हजार भाकरी कमी झाल्या. पावणेचार लाख उरल्या. एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरलं तरी ३७ टन. दोन मोठे ट्रक भरून पीठ, तळहाताच्या टाचेनं मळलेलं.

"त्या चार दिसांत जावेच्या हातची भाकरी मिळायची," आज्जी म्हणाली. "कोपऱ्यात बसून खायची, कुणाला शिवायचं न्हाय. पर आयती. लई ग्वाड लागायची."

धाकटा गाडी चालवत होता. आम्ही दोघंही काही बोललो नाही. मासिक पाळीतलं बाजूला बसणं किती वाईट, यावर माझी मतं अगदी पक्की आहेत आणि ती बदललेली नाहीत. पण ४५ वर्षांच्या हिशोबात आयती भाकरी मिळायची वाट तेवढीच होती, हेही तितकंच खरं होतं.

'आयतं' हा शब्द आपण बहुतेक वेळा टोमणा म्हणून वापरतो. आयतं खाणारा, आयत्या बिळावर नागोबा. पण घरच्या जेवणाची म्हणून जी आठवण आपल्याला येते, तिच्यातून हे आयतेपण काढून टाकलं तर किती उरेल? माझ्या भाकरीच्या आठवणीत मी कुठेही चुलीपुढे बसलेली नाही. मी पाटावर बसलेली आहे आणि गरम भाकरी माझ्या ताटात येऊन पडते आहे. पेज सांगणारी माझी मैत्रीण पहाटे उठून पेज शिजवत नव्हती. ठेचा म्हणणारा मित्र मिरच्या कुटत नव्हता. आज्जीच्या भाताच्या आठवणीतही तिची आई चुलीपाशी आहे आणि आज्जी बसली आहे. पदार्थ वेगवेगळे आहेत, बसण्याची जागा एकच आहे.

मला भाकरी येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, सोलापूरची असून, येत नाही. लोकांना वाटतं, शिक्षण आणि नोकरीच्या गडबडीत राहून गेलं. तसं नाही. मी सहावीत असताना सुट्टीत गावी गेले होते, तेव्हा आज्जीच्या शेजारी बसून पिठाचा गोळा हातात घेतला होता. तिनं माझा हात धरून गोळा परत काठवटीत टाकला. "ऊठ. पुस्तक घे." शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीला यायला नगं का?" त्यावर आज्जीचं उत्तर मला शब्दश: आठवतं. "आलं की करावं लागतं. न्हाय आलं तर कोण सांगतंय?"

आईला तिनं अडवलं नाही; आईला येतच होतं आणि नोकरी सांभाळून ती करतही होती. मला मात्र तिनं पुढेही कधी शिकू दिलं नाही. दहावीनंतर नाही, इंजिनिअरिंगच्या सुट्ट्यांमध्ये नाही. परंपरा लोप पावतायत, आजीच्या हातची चव तिच्याबरोबर जाते, असं आपण फार सहज लिहितो. आमच्या घरात ती चव आपोआप जात नव्हती. जिच्या हातात ती होती, तिनं ठरवून ती पुढे दिली नाही. माझ्या हातात लॅपटॉप असण्यात त्या न शिकवण्याचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण तो आहे.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, काही दिवस वाकायचं नाही, गॅसजवळ जायचं नाही, डोळ्यात धूळ-पीठ काही जाता कामा नये. काळा चष्मा लावून आज्जी आमच्या हॉलमधल्या खुर्चीत बसायची. तिच्यासाठी भाकरी खालच्या पोळी-भाजी केंद्रातून यायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "केवढ्याला पडती ही?"

"वीस रुपये."

"धाला?"

"एक, आज्जी. एक भाकरी वीस रुपये."

तिनं काळ्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. हिशोब तिनंच केला, मोबाइल न घेता. "म्हंजी माझं दिसाला पाश्शे झालं आस्तं."

मी पावणेचार लाखांना वीसनं गुणलं. ७५ लाख. आकडा ऐकून ती इतकी हसली, की मला तिच्या टाक्यांची काळजी वाटायला लागली. "तुझ्या आज्ज्याला सांगाय पायजे हुतं," ती म्हणाली. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली.

त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला शिकव. ती म्हणाली, कशाला, वीस रुपये हायत की तुझ्याकडं. मी म्हटलं, पैशाचं नाही, मला यायला हवी आहे, कुणी सांगतंय म्हणून नाही. ती गप्प बसली. माझं लग्न, सासर, तिथली माणसं, कुठवर तिचा विचार फिरून आला असेल कोण जाणे. मग तिनं मान बेडरूमकडे वळवली. तिथं धाकटा कानात हेडफोन घालून मॅच बघत होता.

"त्याला बी बसीव. दोघं बसणार आसला तर शिकीवते. एकटीला न्हाय."

धाकट्यानं आधी टाळायचा प्रयत्न केला. आज्जीनं त्याला एकच प्रश्न विचारला, "खातूस का न्हाय?" तो येऊन बसला.

काठवट नव्हती, परात घेतली. आज्जी खुर्चीतून सांगत होती. पाण्याला आधण येऊ दे. नुसतं कोमट चालत नाही; ज्वारीला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्यानं उकड निघाली तरच पीठ एकमेकाला धरतं. पीठ ताजं पाहिजे, महिनाभराचं असेल तर भाकरी फाटणारच. आधी उलथन्यानं कालव, हात भाजंल. आता तळहाताच्या टाचेनं रगड. अजून. अजून. "तू कीबोर्ड बडवल्यागत करतीयास," हे मला. गोळा हातात गोल फिरव, कडेला चीर राहू देऊ नको. परातीत पीठ भुरभुरव. थापताना बोटं ताठ ठेवायची नाहीत, भाकरी आपोआप फिरली पाहिजे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. त्यावर पाण्याचा हात फिरव. पाणी सुकायच्या आत उलटायची नाही आणि सुकल्यावर थांबायचं नाही.

माझी पहिली भाकरी उचलतानाच दोन तुकडे झाली. दुसरी तव्यावर महाराष्ट्राच्या नकाशासारखी पसरली. धाकट्याची पहिली जाड होती, पण अख्खी होती, आणि विस्तवावर धरली तेव्हा एका कडेला थोडीशी फुगलीही. तो तिचा फोटो काढून मित्रांना पाठवत बसला तोवर पुढची करपली. तासाभरात सात भाकरी झाल्या. माझं मनगट ठणकत होतं. सात.

पानं वाढली. आज्जीच्या ताटात धाकट्याची जाड भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी, आणि डॉक्टरांना विचारून ठरलेली छोटी वाटी भात. सवयीनं मी तिच्या हाताकडे बघत होते, की ती चतकोर मोडून आमटीत बुडवून ठेवणार. तिनं घास मोडला, चटणीला लावला, तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"जाड झालीया," ती म्हणाली. "मीठ बी न्हाय घातलं कुणी."

भाकरीत मीठ घालतात का, यावर मी आणि धाकटा एकमेकांकडे बघायला लागलो. ती गालात हसली. मग तिनं दुसरा घास मोडला, तिसरा मोडला. अर्धी भाकरी संपली, मग पाऊण. उरलेल्या चतकोराकडे तिनं जरा वेळ बघितलं आणि तोही भाजीबरोबर खाल्ला. आम्ही दोघं काही न बोलता जेवत राहिलो, उगाच बोलून बिघडायला नको म्हणून.

ताट पुसून स्वच्छ झालं, तेव्हा तिनं भाताची वाटी ताटात उपडी केली आणि धाकट्याकडे बघितलं.

"आता वरण वाढ. अन् तूप आण."